गोध्र्यात दुकान मांडलेला विद्यार्थी : कलाभवनाच्या इतिहासातलं एक प्रकरण

दादासाहेब फाळके बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत शिकले, असं वाक्य बऱ्याच ठिकाणी छापलेलं आढळतं. ते कालगणनेतच बसत नाही. विद्यापीठ 1949 चं, ललितकला विद्याशाखा त्यानंतरच्या वर्षीची, आणि फाळके 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशकात वारले होते. ते शिकले आपल्या बडोद्याच्या कलाभवनात. हे कलाभवन पुढे विद्यापीठात सामील होऊन तंत्र व अभियांत्रिकी विद्याशाखा झालं. शांतिनिकेतनच्या कलाभवनाशीही आपली गल्लत होते. ते 1919 चं, म्हणजे आपल्याहून एकोणतीस वर्षांनी धाकटं.

चूक लहानशी, पण तिच्यामुळे मुद्दा निसटतो. बडोद्यात फाळके आजच्या अर्थाच्या चित्रकलेच्या शाळेत शिकलेच नाहीत. जिथे रंगाई, सुतारकाम, यंत्रं आणि रसायनं शिकवली जात, त्या आवारात त्यांनी ब्रशही धरला आणि कॅमेराही. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहिताना बहुधा नामवंत विद्यार्थ्यांची यादी दिली जाते, आणि फाळक्यांचं नाव ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ म्हणून त्या यादीच्या वरच्या टोकाला जाऊन बसतं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली 1895 ते 1900 ही गोध्र्याची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. तिथे आपला हा विद्यार्थी एका लहान गावातला पोटार्थी फोटोग्राफर होता, आणि त्याचा धंदा चालला नाही. संस्थेने काय शिकवलं याची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते.

आधी संस्थेबद्दल. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्यात कलाभवन सुरू झालं. त्यामागची कल्पना आणि धडपड प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची. गज्जर सुरतेचे, सुतारकाम पिढीजात असलेल्या समाजातले, आणि रसायनशास्त्रात एम.ए. झालेले. हत्यार आणि पुस्तक ही दोन्ही एका घरात नांदू शकतात हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तंत्रशिक्षण मुलांना त्यांच्या भाषेतून मिळालं पाहिजे हा त्यांचा आग्रह, आणि त्यासाठी पारिभाषिक शब्द जमवण्यापासून पुस्तकं लिहवून घेण्यापर्यंत सगळी खटपट त्यांनी महाराजांच्या पाठबळावर केली. याच राज्यात 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला. तेव्हा कलाभवन ही एखाद्या हौशी राजाची लहर नव्हती. एका मोठ्या बेताचा तो भाग होता.

गज्जरांचं नाव मुंबईत गाजलं ते वेगळ्याच कारणाने. 1896 मध्ये चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. ते डाग काही केल्या निघेनात. शेवटी ते काढले गज्जरांनी, रसायनांच्या जोरावर. तोपर्यंत ते बडोदं सोडून मुंबईत आले होते. देशभक्तांच्या मनात या कामगिरीबद्दल काय आलं असेल ते असो. रसायनशास्त्र हे दगडावर, कापडावर, कागदावर करून दाखवायचं शास्त्र आहे, ही त्यांची शिकवण मात्र त्यातून दिसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुंबईत अध्यापकाची नोकरी मिळाल्यामुळे बिऱ्हाड तिकडे गेलं. 1885 मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत चित्रकलेच्या वर्गात दाखल झाले आणि वर्षभराने थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्याला आले. तिथेच मराठे घराण्यातल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. कलाभवनात त्यांनी तैलरंग आणि जलरंग हाताळले, इमारतींचे नकाशे आणि मातीचे नमुने केले. 1892 च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. या कामावर खूश होऊन एका चाहत्याने त्यांना किमती कॅमेरा भेट दिला. स्वतः घेतलेल्या कॅमेऱ्यावर त्यांचे प्रयोग त्याआधीपासून चालू होतेच.

हा मुलगा कॅमेऱ्यात रमतो आहे हे गज्जरांनी हेरलं, आणि मग त्यांनी जे केलं त्याला मी शिक्षकाची नजर म्हणेन. आणखी चांगले फोटो काढ, असं सांगून ते थांबले नाहीत. फोटो छापता कसा येतो ते शिक, म्हणून त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठवलं. तिथे बाबुलाल वरुवाळकर यांच्या हाताखाली फाळके तिरंगी ठसे, फोटो-लिथो, कोलोटाइप आणि डार्करूममधली छपाई शिकून आले.

या सगळ्या भारदस्त नावांच्या मुळाशी एकच साधी गोष्ट आहे, ती इथे सांगायला हवी. जिलेटिन म्हणजे हाडा-कातड्यापासून काढलेला सरस. गार पाण्यात ते फुगतं, गरम पाण्यात विरघळतं. त्यात पोटॅशियमचं बायक्रोमेट मिसळून काचेवर किंवा कागदावर थर दिला आणि वाळवला, की तो उजेडाला हळवा होतो. त्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरलं, की जिथे ऊन पोचेल तिथलं जिलेटिन टणक होतं आणि पाणी शोषायचं थांबतं. जिथे सावली, तिथलं मऊच राहतं. आता तो थर ओला करून त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवा. भिजलेला भाग शाई झिडकारतो, टणक भाग ती उचलतो. कागद दाबला की चित्र उतरलं. काचेवरून थेट छापलं तर ते कोलोटाइप, कागदावरून शाई शिळेवर चढवली तर फोटो-लिथो. उन्हाने काढलेलं चित्र शाईने हजारांनी छापायची ही किल्ली. ती ज्याच्या हाती आली, त्याच्या लेखी फोटो म्हणजे एका घरच्या भिंतीवरची एक चौकट एवढाच राहत नाही.

1893 मध्ये गज्जरांनी कलाभवनाचा फोटो-स्टुडिओ आणि प्रयोगशाळा फाळक्यांना वापरायला दिली. ‘श्री फाळकेज एन्ग्रेव्हिंग अँड फोटो प्रिंटिंग’ ही पाटी तिथली. आपल्या संस्थेच्या आवारात विद्यार्थ्याने थाटलेला हा व्यवसाय. आजच्या भाषेत त्याला काय काय म्हणतील, ते वाचकांनी ठरवावं. कौतुक झालं, पण संसार काही त्यावर चालेना. तेव्हा 1895 मध्ये फाळक्यांनी गोध्र्याला जाऊन फोटोग्राफर म्हणून दुकान मांडायचं ठरवलं.

गोध्राच का, याचा अंदाज गावाकडे पाहिलं की बांधता येतो. पंचमहाल हा 1861 पर्यंत शिंद्यांचा मुलूख. मग तो इंग्रजांकडे गेला आणि गोध्रा जिल्ह्याचं ठाणं झालं. वस्ती वीसेक हजारांची. आसपासच्या जंगलांतलं इमारती लाकूड आणि जळण इथे येई, वखारी लागत, सौदे होत. आणंदहून येणारी रेल्वे इथूनच पुढे रतलामकडे जाते. म्हणजे कचेरीतले कारकून आणि मामलेदार, वकील, लाकडाचे व्यापारी, स्टेशनातला नोकरवर्ग. फोटो काढून घेण्याची ऐपत आणि हौस असलेला जो काही वर्ग लहान गावात असतो, तो इथे होता. बडोद्यापासून फार लांबही नाही. कागदावर हिशेब बरोबर होता.

त्या काळच्या मोफसल फोटोग्राफराचं काम कसं चाले, हे नव्या पिढीला सांगितल्याशिवाय त्या पाच वर्षांचा अर्थ लागणार नाही. ओल्या काचांचा जमाना मागे पडला होता आणि विलायतेहून येणाऱ्या तयार सुक्या काचा मिळू लागल्या होत्या, एवढी एक सोय. पण दिव्याच्या उजेडावर फोटो निघत नसे. त्यामुळे खोली हवी ती उत्तरेकडून उजेड येणारी. ऊन थेट पडलं की चेहऱ्याची एक बाजू चुन्यासारखी पांढरी. वर पांढरं कापड ताणून उजेड मवाळ करायचा. मागे रंगवलेला पडदा, बाजूला एखादी खुर्ची, तिपाई. गिऱ्हाईक बसलं की काळं कापड डोक्यावर घेऊन दुधी काचेवर उलटी दिसणारी आकृती न्याहाळायची, काच बसवायची, आणि भिंगावरचं झाकण काढून मनात आकडे मोजून परत लावायचं. तेवढ्या वेळात कुणाची पापणी लवली तर चालतं, मान हलली तर काच फुकट. आणि काचेचे पैसे गिऱ्हाईक दोनदा देत नसे.

खरं हाल करणारं काम त्यानंतरचं. गुजरातच्या उन्हाळ्यात पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात काचेवरचं जिलेटिन सैल पडून कडेने सुरकुत्यांसारखं सुटू लागतं. म्हणून काचा धुवायच्या त्या रात्री उशिरा किंवा पहाटे, तांबड्या काचेच्या दिव्यापुढे. थर घट्ट राहावा म्हणून मध्ये तुरटीच्या पाण्यात बुडवायच्या. चित्र पक्कं करणारं रसायन, हायपो, निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा स्वच्छ पाणी. तेही विहिरीचं, शेंदून. हायपो राहिला तर फोटो वर्ष-सहा महिन्यांत पिवळा पडणार आणि नाव जाणार. मग निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने बारीक काम : देवीचे वण बुजवायचे, डोळ्यांखालचं काळं फिकं करायचं. चित्रकला शिकलेल्या माणसाला इथे फायदा होई. शेवटी निगेटिव्ह आणि कागद चौकटीत दाबून उन्हात ठेवायचे, चौकटीची अर्धी पाठ उघडून चित्र कितपत चढलं ते पाहायचं, आणि सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून रंग पक्का करायचा. सोनं अगदी थोडं, पण सोनंच. त्याची किंमत नफ्यातूनच जाई. पावसाळ्यात चार दिवस ऊन पडलं नाही की छपाईही नाही.

हे सगळं फाळक्यांना उत्तम येत होतं. त्यांच्याकडे नव्हतं ते गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक आणून देणारा कुणी. इथे लाला दीनदयाळ यांच्याकडे पाहावं. ते रुरकीला शिकलेले, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढणारे. 1870 च्या दशकात फोटोकडे वळले. म्हणजे सुरुवात फाळक्यांसारखीच, नकाशांपासून. पण त्यांना आधी इंदूरला होळकरांचा आणि बड्या इंग्रज अधिकाऱ्यांचा आश्रय लाभला, मग हैदराबादचा निजाम लाभला. राजदरबार पाठीशी असला की पाठोपाठ सरदार येतात, मग सावकार येतात. गोध्र्याला दरबारच नव्हता. तिथे जिल्ह्याचा कलेक्टर होता, आणि तो काही वर्षांनी बदलून जाणारा.

आणि काळ वैरी झाला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तो रेल्वेच्या वाटेने पसरत गेला. संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ गुजरातेत अजून ‘छप्पनियो’ म्हणूनच ओळखला जातो. पंचमहालाला त्याने विशेष झोडपलं. 1900 मध्ये प्लेगने फाळक्यांची पत्नी आणि एक मूल गेलं. गोध्र्याचं दुकान तिथे संपलं. ते बडोद्याला परतले.

बडोद्यात त्यांनी पुन्हा फोटोग्राफी मांडून पाहिली, तीही बसली. याचं जे कारण चरित्रांत येतं ते सगळ्यांना माहीत आहे : कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी समजूत पसरली होती. बडोद्याच्या एका राजपुत्रानेही त्याच धास्तीने आधी नकार दिला. फाळक्यांनी त्याची समजूत घातली, मग दरबारात फोटोचे फायदेही सांगितले, तरी धंद्याने उचल खाल्ली नाही. गोष्ट खरी असेल; पण धंदा बुडण्याचं सगळं खापर तिच्यावर फोडायला मी तयार नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये निघाली होती. खुद्द सयाजीरावांचे बालपणापासूनचे फोटो आहेत. दुष्काळाने कोठारं रिकामी केल्यावर आणि प्लेगने घरोघर माणसं नेल्यावर, फोटोवर पैसे टाकायला उरलं होतं कोण? आणि ज्या गावात दर आठवड्याला ओळखीचं कुणी जातं आहे, तिथे ‘फोटो काढला आणि माणूस गेला’ ही सांगड लोकांनी घातली तर त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं बरं नव्हे. अंधश्रद्धेची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गमतीची असते, म्हणून ती टिकली. पण अन्नान्न दशा झालेल्या वर्षात फोटोचं दुकान कुणाचंच चाललं नसतं.

पुढची दोन-तीन वर्षं फाळक्यांनी जे मिळेल ते केलं. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, लहानसहान भूमिका केल्या. बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि 1901 च्या अखेरीस ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. फाळके हे आडनाव उलटं फिरवून केलेलं हे नाव. 1902 मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी गिरिजा करंदीकर, लग्नानंतर सरस्वतीबाई, ही किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची भाची. 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि नकाशानवीस म्हणून नोकरी लागली आणि महिन्याचा पगार सुरू झाला. जुन्या लेण्या-देवळांना फोटोची भीती वाटत नाही, आणि ती मानही हलवत नाहीत.

1906 मध्ये नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला, आणि इथे रतलामची शिकवणी अखेर कामी आली. शेजारीच मळवलीला राजा रविवर्म्यांनी स्थापन केलेला शिळाछपाईचा कारखाना होता. फाळक्यांचा छापखाना त्याला फोटो-लिथोची कामं करून देई. घरोघरी भिंतीवर लक्ष्मी-सरस्वतीची जी रंगीत चित्रं गेली, त्या धंद्याशी आपल्या कलाभवनाचा असाही धागा आहे. मूळ चित्रांपैकी चौदा पौराणिक चित्रं तर रविवर्म्यांनी बडोद्याच्या महाराजांसाठीच काढली होती. छापखाना पुढे दादरला गेला, 1908 मध्ये ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला, आणि 1909 मध्ये यंत्रं आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. भागीदारीत बेबनाव झाला आणि तेही सुटलं. त्यानंतरचा सिनेमाचा इतिहास सर्वश्रुत आहे, त्याची उजळणी करत नाही.

फक्त दोन गोष्टी नोंदवतो, कारण त्या स्टुडिओतून आल्या आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाला भांडवल मिळेना तेव्हा 1912 मध्ये फाळक्यांनी विलायतेहून आणलेल्या कॅमेऱ्यावर एक छोटी फिल्म केली, वाटाण्याचा दाणा रुजून वेल होईपर्यंतची. कॅमेरा एका जागी रोवून, दिवसामागून दिवस त्याच कुंडीची एकेक चौकट घ्यायची. ही चिकाटी नाटकवाल्याची किंवा जादूगाराची नाही. न हलणाऱ्या गोष्टीसमोर उजेडाचा अंदाज घेत बसणाऱ्या जुन्या फोटोग्राफराची आहे. ती फिल्म पाहून पैसा उभा राहिला.

दुसरी गोष्ट डार्करूमची. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागलेल्या त्या चित्रपटाची फिल्म घरीच धुतली गेली. कच्च्या फिल्मच्या कडेला अंधारात भोकं पाडण्याचं, रसायनं मिसळण्याचं काम सरस्वतीबाई करत. चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. लहान गावातल्या स्टुडिओंत घरची बाई काचा धूत असे, फोटो पुठ्ठ्यांवर चिकटवत असे, आणि पाटीवर तिचं नाव नसे. फाळक्यांच्या घरी तेच झालं. फक्त काम मोठं निघालं, म्हणून तिचं नाव आपल्यापर्यंत पोचलं. गोध्र्याला गेलेल्या मराठे घराण्यातल्या लेकीच्या वाट्याला एवढंही आलं नाही.

स्टुडिओतून सिनेमाकडे गेलेले फाळके एकटे नाहीत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत फोटोचा स्टुडिओ चालवत. त्यांनी 1899 मध्ये कुस्तीची फिल्म घेतली, गोष्टीच्या सिनेमाच्या कितीतरी आधी. कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्यापर्यंत पोचले. पडदा, काच आणि रसायन यांतूनच आपल्याकडची पहिली फिल्मवाली पिढी तयार झाली, आणि त्यांतली पडद्यापासून छपाईपर्यंतची सगळी कामं एकाच माणसाला शिकवणारी शाळा म्हणून कलाभवनाची नोंद व्हायला हवी.

गज्जर बडोदं सोडून गेल्यावर संस्थेची घडी बदलली. फोटो-छपाईपेक्षा यंत्रकाम, रंगाई आणि विणकाम यांना जोर आला. गिरण्यांना माणसं हवी होती आणि संस्थेने ती दिली. गज्जरांच्याच तालमीतले कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी 1907 मध्ये ॲलेम्बिक कंपनी उभी केली; बडोद्याच्या रासायनिक उद्योगाची ती सुरुवात. 1949 नंतर पदवी, प्रवेशपरीक्षा आणि विभाग आले. त्यांचा तपशील याच स्मरणिकेत पुढे विभागवार दिला आहे.

संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांच्या फलकावर फाळक्यांच्या नावापुढे ‘चित्रपट’ असं लिहितात. माझी सूचना अशी की त्याखाली ‘फोटोग्राफर, गोध्रा, 1895’ हेही लिहावं.